खरा सूतपुत्र कोणता?

मी समीक्षक नाही. तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी दोन तास वस्तीतल्या वाचनालयाचे कपाट उघडून बसतो. कादंबऱ्या वाचतो त्या रात्री, अंथरुणावर पडून, कुठल्याही वाङ्मयीन सिद्धान्ताची फूटपट्टी हाती न घेता. गेल्या चारपाच महिन्यांत वाचलेल्या काही लोकप्रिय कादंबऱ्यांविषयी माझी मते येथे मांडतो आहे. ती मते माझी आहेत. कुणाला पटली नाहीत तर त्याने भांडावे, मला आनंदच होईल.

आधी एक तक्रार नोंदवतो. आपल्या समीक्षेने आत्मकथनांवर आणि कवितेवर भरपूर शाई खर्च केली आणि ते योग्यच झाले. पण ज्या कादंबऱ्या आपली पोरे प्रत्यक्षात वाचतात, त्यांच्याकडे आपण ‘ते त्यांचे वाङ्मय’ म्हणून पाठ फिरवली. आमच्या कपाटात वरच्या फळीवर बाबासाहेबांचे खंड आहेत. 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला ते खाली उतरतात, पुसले जातात, पुन्हा वर जातात. खालच्या फळीवर ‘मृत्युंजय’ आहे. त्याची शिवण उसवलेली, पहिली आठ पाने सुटलेली, कोपरे तेलकट. कोणते पुस्तक वाचले जाते हे सांगायला रजिस्टर उघडावे लागत नाही. 2025 साली ‘छावा’वरचा सिनेमा आला तेव्हा कादंबरीसाठी रांग लागली. आमच्याकडे प्रत एकच. ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी त्याच लेखकाचे म्हणून ‘मृत्युंजय’ नेले. आणि एका संध्याकाळी बारावीचा एक विद्यार्थी पुस्तक परत करताना मला म्हणाला, “सर, कर्ण आपलाच माणूस आहे.” त्याचे डोळे लाल होते. तो उगीच बोलत नव्हता. म्हणून मी ‘मृत्युंजय’ वाचायला घेतली.

शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची. लेखक तेव्हा सत्तावीस वर्षांचा, कोल्हापुरातला शाळामास्तर. माझा एक जातभाई (शाळामास्तर हीच जात येथे अभिप्रेत आहे!) रात्री जागून इतके मोठे बाड लिहितो याचे मला कौतुक आहे. भाषा अलंकारांनी जड झाली आहे, सूर्य उगवला की चारचार ओळी उजेडच उजेड. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात आणि शेवटी कृष्ण. प्रत्येकाच्या तोंडून कथा पुढे सरकते. ही युक्ती साधी आहे आणि ती चालते.

प्रश्न कर्णाच्या दुःखाचा आहे. वाचक कशासाठी रडतो? हा पराक्रमी पुरुष ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवला गेला यासाठी. पण थोडे थांबून विचारले पाहिजे, की हिणवणे चुकीचे होते ते कोणत्या कारणाने? माणसाला त्याच्या बापाच्या धंद्यावरून हिणवणे हेच मुळात नीच आहे म्हणून? की हा बिचारा सूत नसताना त्याला सूत म्हटले म्हणून? कादंबरीची सगळी यंत्रणा दुसऱ्या कारणावर चालते. त्याच्या कानांत कुंडले आहेत, अंगावर कवच आहे. लहानपणापासून त्याला वाटत राहते की आपण वेगळे आहोत, आणि ते वाटणे खरे ठरते. कुंतीने सांगून टाकल्यामुळे वाचकाला हे केव्हाचेच ठाऊक असते. म्हणजे वाचकाची सहानुभूती अगदी सुरक्षित आहे. ज्याच्यासाठी तो अश्रू ढाळतो तो आतून राजपुत्रच आहे, त्याच्या रक्ताला बट्टा नाही. अन्याय झाला तो ओळखण्यात चूक झाल्यामुळे. व्यवस्था बरोबर होती, तिच्या दप्तरात एक नाव चुकीच्या पानावर लागले, एवढेच!

सवर्ण वाचकाला हे दुःख का आवडावे हे यातून कळते. जातीविरुद्ध रडल्याचे समाधान मिळते आणि जातीच्या केसालाही धक्का लागत नाही.

आता शोणाकडे पाहा. शोण हा अधिरथ आणि राधेचा पोटचा मुलगा, कर्णाचा धाकटा भाऊ. त्याच्या कानांत कुंडले नाहीत. तो कुणा देवाचा नाही, कुणा राणीने त्याला पेटीत घालून सोडलेला नाही. कर्ण चंपानगरी सोडून हस्तिनापूरला निघतो तेव्हा हे लहानगे पोर रथामागे धावत सुटते. सबंध कादंबरीत माझा गळा दाटला असेल तर तो या ठिकाणी. कारण या पुस्तकातला खरा सूतपुत्र तो आहे. त्याला सावंतांनी बोलायला स्वतंत्र भाग दिला, हे त्यांचे मोठेपण मी मान्य करतो. पण शोण बोलतो तेही भावाविषयीच. रथ हाकणाऱ्याच्या घरात जन्मून रथ हाकणाराच राहिलेल्या माणसाला राजवाड्याच्या आवारात काय काय सोसावे लागले, हे विचारायला कादंबरी थांबत नाही. आणि कुठलाही वाचक ‘मृत्युंजय’ मिटून शोणासाठी हळहळत नाही. ज्याच्याजवळ कुंडले नाहीत त्याच्या अपमानाला अपमान म्हणायचे नाही, असाच हा संकेत झाला.

त्या विद्यार्थ्याला मी विचारले, “कर्ण आपला म्हणतोस, मग शोण कुणाचा?” तो म्हणाला, “शोण? हां, तो भाऊ.” यात त्याचा दोष नाही. कादंबरी त्याला तसेच वाचायला शिकवते.

शास्त्रार्थच करायचा तर तोही करून टाकू. जी मनुस्मृती 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळण्यात आली, तिच्या दहाव्या अध्यायाप्रमाणे सूत म्हणजे क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांची प्रतिलोम संतती. घोडे आणि रथ सांभाळणे हे त्याचे काम. तो राजवाड्यात राहतो, राजाच्या पुढ्यात बसतो. धृतराष्ट्राला युद्धाची सगळी हकीकत सांगणारा संजय सूतच होता. त्याच अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे असे फर्मान आहे. तेव्हा सूताचे दुःख खोटे मानण्याचे कारण नाही, परंतु ते वेशीच्या आतले दुःख आहे. वेशीबाहेरच्यांना महाभारतात जागा मिळते ती एकलव्यासारखी, अंगठ्यापुरती. किंवा लाक्षागृहातल्या त्या निषाद स्त्रीसारखी. कुंती आणि तिचे पाच पुत्र भुयारातून निसटले आणि त्यांच्या जागी एक निषादी आणि तिचे पाच मुलगे जळून कोळसा झाले. सहा प्रेते सापडली म्हणून जगाला पांडव मेल्याची खात्री पटली. कुंतीने एक मुलगा पाण्यात सोडला त्याच्यावर मराठीत हजार हजार पानांचा शोक आहे. या पाच मुलांवर किती आहे? बंगालीत महाश्वेता देवींनी ‘कुंती ओ निषादी’ नावाची कथा लिहिली. म्हातारपणी अरण्यात राहणाऱ्या कुंतीसमोर त्या जळालेल्या घरातली एक निषादी येऊन उभी राहते आणि जाब विचारते. कुंतीला आपली सगळी पापे आठवत असतात, नेमके एवढे एक आठवत नसते. ज्यांना कर्णावर बोलायचे आहे त्यांनी ही कथा जरूर मिळवून वाचावी.

रणजित देसाईंची ‘राधेय’ 1973 ची, आकाराने लहान, भाषेने अधिक मुलायम. मला ती ‘मृत्युंजय’पेक्षा कमी आवडली. सगळी माणसे एकमेकांशी नाटकातल्यासारखी सुंदर बोलतात आणि दुःखसुद्धा इस्त्री केलेले वाटते. पण नाव मात्र फार मोलाचे निवडले आहे. राधेय म्हणजे राधेचा. मूळ महाभारतात उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांकडे ये म्हणतो, तेव्हा कर्ण जे उत्तर देतो ते मला कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठे वाटते. राधेने मला दूध पाजले, अधिरथाने माझे संस्कार केले, सूत कुळातल्या स्त्रियांशी माझी लग्ने झाली, त्यांच्यापासून मला मुले-नातवंडे झाली. हे सगळे मी सोडणार नाही, अशा आशयाचे ते उत्तर आहे. आणि त्याआधी आदिपर्वात, अंगदेशाचा अभिषेक नुकताच झालेला असताना, घामाघूम झालेला म्हातारा अधिरथ काठी टेकत रंगमंडपात येतो आणि कर्ण भर सभेत आपले अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो. भीम लगेच म्हणतो की तू चाबूक धर. तेथे कर्ण बाप लपवत नाही. या दोन प्रसंगांतला कर्ण खरोखर आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. पण लोकप्रिय कादंबरीने उचलला तो दानशूर, शापित, मित्रासाठी मरणारा कर्ण. आणि हा सूताच्या घराशी इमान राखणारा कर्ण मैत्रीच्या आणि दानाच्या गोष्टींत बुडवून टाकला.

येथे कुणी जाणकार मला अडवील. बाबासाहेबांनीही 1946 साली शूद्र मूळचे क्षत्रिय होते असे प्रतिपादन केले, मग कर्णाच्या क्षत्रियत्वाला तुम्ही का हसता? हा आक्षेप गंभीर आहे. पण बाबासाहेबांचा तो ग्रंथ जोतीबा फुल्यांना अर्पण केलेला आहे हे विसरू नये. एका सबंध समूहाला कुणी, कसे आणि कशासाठी खाली ढकलले याचा तो तपास आहे. वर्ण ईश्वराने केले नाहीत, माणसांनी भांडणातून केले, हे त्यातून सिद्ध करायचे आहे. एका सूताच्या घरात एक खरा हिरा सापडला, बाकीचे गारगोटेच, असे ते सांगत नाहीत. कर्णकथा नेमके हेच सांगते.

आणि ही गोष्ट पुस्तकातच राहत नाही. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शाळेत होतो. तेथे एक ज्येष्ठ सहकारी मोठ्या प्रेमाने मला म्हणाले, “सर, तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही हो.” ते मला कुंडले चढवत होते! माझे गणित चांगले, उच्चार शुद्ध, तेव्हा हा मूळचा आपल्यातलाच असणार, कुठेतरी नदीत वाहून गेलेला. अशी स्तुती आपल्यातल्या शिकलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला येते. काहींना ती गोड लागते. मग ते वस्तीतल्या भावाला ओळख देत नाहीत, आडनाव बदलतात, मुलांना सांगतात की आपण मूळचे अमुक. शोण रथामागे धावत असतो, आणि रथ काही थांबत नाही.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ 1984 साली आले. त्यातल्या मुलाचा बाप खरोखरच वरच्या जातीतला आहे, आई महार. तेथे कुठलेही रहस्य नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या उच्च रक्ताने त्याला काय दिले? राज्य नाही, कवच नाही, फक्त एक शिवी, जी त्याने पुस्तकाचे नाव केली. कर्णाची गोष्ट प्रत्यक्ष जमिनीवर उतरली की तिचे काय होते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत.

खांडेकरांची ‘ययाति’ पुन्हा चाळली ती याच नादात. 1959 ची कादंबरी, 1974 साली ज्ञानपीठ मिळाले, पदवीचे विद्यार्थी अजून वाचतात. भोगाविरुद्धचे प्रवचन मला आता लांबलेले वाटते. पण दासीविषयी एक गोष्ट लक्षात आली. शर्मिष्ठा दासी होते आणि तिला स्वतःची कथा स्वतःच्या तोंडाने सांगायला मिळते. ती जन्माने राजकन्या आहे. अलका ही जन्माचीच दासीकन्या. गोड, निर्मळ पोर, ययातीच्या आयुष्यात येते आणि राजवाड्याच्या क्रौर्याला बळी पडते. तिला निवेदन नाही. ती ययातीच्या आठवणीत राहते, त्याच्या दुःखाला थोडी खोली यावी म्हणून. खांडेकर मनाने कोमल लेखक, गरिबांविषयी कळवळा असलेले. त्यांच्याही हातून हे होते, यावरून सवय किती खोलवर गेलेली आहे ते दिसते.

‘दुनियादारी’वर फार लिहिण्यासारखे नाही. सुहास शिरवळकरांची ही कादंबरी 1982 ची. 2013 च्या सिनेमामुळे पुन्हा घराघरांत गेली. संवाद झकास, वेग चांगला, मैत्रीसाठी जीव टाकणारी पोरे पाहून बरे वाटते. पुण्यातले कॉलेज, कट्टा, चहा, मारामाऱ्या. तळवलकर आहेत, पाटील आहेत, घाटगे आहेत. जातीचा उल्लेख मला तरी कुठे खटकेल असा भेटला नाही. आडनावेच पुरेशी बोलकी आहेत. दलित पँथरची स्थापना 1972 ची, पुण्यामुंबईच्या कॉलेजांत आपली मुले शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांवर शिकत होती. ती या कट्ट्यावर कधी फिरकली नसतील? की फिरकली आणि लेखकाला दिसली नाहीत? आमच्या वस्तीतला एक मुलगा शहरातल्या कॉलेजात गेला तो हीच कादंबरी डोक्यात घेऊन. कट्ट्यावर बसायला जागा असते असे त्याला वाटत होते. आडनाव विचारल्यावर काय होते ते कादंबरीने सांगितले नव्हते.

याउलट बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा लिहिलेला हा माणूस कोणत्या समीक्षकाने गंभीरपणे घेतला? माझे वडील अक्षर जुळवत जुळवत वाचायला शिकले ते धनंजय-छोटूच्या आणि काळ्या पहाडाच्या पुस्तकांवर. धर्मग्रंथांवर नव्हे, संतांवर नव्हे. त्या स्वस्त पुस्तकांना वाचकाचे कूळ विचारायचे नव्हते, पुढे काय झाले एवढीच उत्सुकता त्याच्याजवळ असली म्हणजे झाले. लोकप्रिय वाङ्मयाचा हा उपकार आपण विसरता कामा नये. लोकप्रिय म्हणजे हलके, असे माझे म्हणणे अजिबात नाही.

नाहीतर ‘फकिरा’चे काय करणार? अण्णा भाऊ साठे यांची ही कादंबरीही ‘ययाति’च्याच वर्षीची, 1959 ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. लोकप्रिय कादंबरीत जे जे लागते ते सारे तिच्यात आहे. घोडा आहे, तलवार आहे, सूड आहे, खजिन्याची लूट आहे, छातीठोक संवाद आहेत. फकिरा सामान्य माणसापेक्षा दोन हात उंच आहे. वास्तववाद्यांनी याला नाके मुरडली तर मुरडोत. पण फकिराच्या कानांत कुंडले नाहीत. तो मांगवाड्यात जन्मला, मांग म्हणून लढला, मांग म्हणूनच मरणाला सामोरा गेला. अखेरपर्यंत कुणी येऊन सांगत नाही की तू मूळचा अमक्या राजाचा. त्याचा मोठेपणा त्याच्या स्वतःच्या घरातून आलेला आहे. बाप राणोजी, शेजारच्या गावची जोगणी आणताना मारला गेलेला. हा प्रसंग नीट वाचला तर अंगावर येतो. जत्रा सगळ्या गावाची, मान सगळ्या गावाचा, आणि रक्त मात्र मांगवाड्यातले. दुष्काळात त्याच मांगवाड्याला त्याच गावात खायला मिळत नाही. आणि वर सरकारची हजेरी. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने माणसांना जन्मतः चोर ठरवले, तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 1952 साली उठला. जन्मावरून हिणवणे आणि जन्मावरून गुन्हेगार ठरवणे यांत फार अंतर नाही. पण फकिरा त्यावर ‘मी त्या जन्माचा नाहीच’ असे उत्तर देत नाही. तो उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. विष्णुपंत कुलकर्ण्यांसारखा मनाने मोठा ब्राह्मणही अण्णा भाऊंनी त्यात उभा केला आहे, हे जे त्यांना एकांगी म्हणतात त्यांनी पाहावे.

आणि गंमत अशी, की फकिराच्या आईचेही नाव राधाच आहे. मराठीतला खरा राधेय वारणेच्या खोऱ्यात जन्मला आणि आपण त्याला चंपानगरीत शोधत बसलो.

गेल्या महिन्यात वाचनालयात आठदहा मुलामुलींना बसवून ‘मृत्युंजय’ आणि ‘फकिरा’ यांवर बोललो. हे सगळे मांडून दाखवले. तो बारावीचा विद्यार्थी फारसा खूश झाला नाही. कर्ण हातचा जातोय असे त्याला वाटले असावे. त्याचे म्हणणे एवढेच, की सर, मला रडू आले ते खरे होते. ते खरे होते हे मीही मानतो. वाद आहे तो लेखकाने ते रडू कुठे वळवले याविषयी. मग नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, “सर, शोणाला बोलायला मिळत नाही म्हणता. मिळतं की! स्वतःचा भाग आहे त्याला. फकिरातल्या राधेला कुठे आहे? नवरा मारला, पोरगा रानात, दुष्काळ, आणि चूल तिनेच पेटवायची. ती किती बोलते?” अण्णा भाऊंवर आमचे प्रेम असल्यामुळे हे विचारायचे कुणाला सुचले नव्हते. दोनतीन मुले चिडली, अण्णा भाऊंवर टीका नको म्हणाली. ती शांतपणे म्हणाली, टीका नाही, पाने मोजा.

गणिताच्या मास्तराला हे सांगावे लागत नाही. ‘फकिरा’ पुन्हा हाती घेतली आहे, पेन्सिल आणि कागद घेऊन. अर्धी झाली. राधेच्या वाट्याची पाने आतापर्यंत एका हाताच्या बोटांवर मोजून झाली आहेत.